घडविले, पण राखिले नाही
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय फुटबॉल आहे हे ऐकून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. परंतु आमचे सारे आयुष्य शिक्षकी पेशात गेले. मुले घडविण्याचे काम कोठेही चाललेले दिसले की आमचे पाय तेथे आपोआप थबकतात. पूर्व लंडनमधील वेस्टहॅम युनायटेड या क्लबाने हे काम पिढ्यानपिढ्या केले. त्याची कथा विद्यार्थ्यांना हात देणाऱ्या आपल्यासारख्या मंडळाने ऐकण्याजोगी आहे.

थेम्स नदीकाठच्या जहाजे बांधणाऱ्या कारखान्यातील कामगारांनी १८९५ साली हा संघ काढला. १९०० साली त्यास आजचे नाव मिळाले. दोन हातोडे ही त्याची खूण आजही आहे. हा क्लब धनवान कधीच नव्हता. पण त्याची कुमारांची तालीम एवढी नामांकित की लोक त्यास फुटबॉलची पाठशाळाच म्हणू लागले. १९६६ साली इंग्लंडने विश्वचषक जिंकला, तेव्हा कर्णधार बॉबी मूर याच तालमीतला होता. अंतिम सामन्यातील इंग्लंडचे चारही गोल जेफ हर्स्ट आणि मार्टिन पीटर्स यांनी केले, तेही येथलेच. असे असूनही इंग्लंडच्या लीगचे अजिंक्यपद या क्लबास आजवर एकदाही लाभलेले नाही.

१९७३ पासून चार दशके टोनी कार नावाच्या गृहस्थांनी येथे मुले घडविण्यास वाहून घेतले. त्यांच्या हाताखाली गेल्या शतकाच्या अखेरीस एक विलक्षण पिढी उदयास आली. बचावासाठी रिओ फर्डिनंड आणि ग्लेन जॉन्सन. मधल्या फळीत फ्रँक लँपार्ड, जो कोल आणि मायकेल कॅरिक. आणि गोल करण्यास जर्मेन डिफो. यांपैकी डिफो सोळा-सतरा वर्षांचा झाल्यावर दुसऱ्या क्लबातून आला. १९९९च्या मे महिन्यात कोल आणि कॅरिक यांच्या कुमार संघाने यूथ कपच्या अंतिम फेरीतील दोन सामन्यांत मिळून कॉव्हेंट्रीस ९-० असे लोळविले. त्याच हंगामात मोठा संघही लीगमध्ये पाचवा आला. आता या अंगणात सोन्याचे पीक येणार, असे पाहणाऱ्यांस वाटले तर नवल नव्हते.

पण पीक उभे असतानाच त्याचा सौदा झाला. नोव्हेंबर २००० मध्ये फर्डिनंड लीड्स क्लबास १ कोटी ८० लाख पौंडांस विकला गेला. बचावपटूसाठी जगात तोवर एवढी किंमत कोणी मोजली नव्हती. २००१ साली लँपार्ड १ कोटी १० लाख पौंडांस चेल्सीकडे गेला. पुढे २००३ साली ४२ गुण मिळवूनही संघ खालच्या वर्गात घसरला. मग विकण्याची खुशी राहिली नाही, सक्ती आली. त्या उन्हाळ्यात कोल सुमारे ६६ लाखांस आणि जॉन्सन ६० लाखांस चेल्सीने नेले. २००४ साली डिफो आणि कॅरिक टॉटनहॅमकडे गेले. कॅरिक तर अगदी स्वस्तात गेला. दोनच वर्षांनी मँचेस्टर युनायटेडने त्याच्यासाठी कित्येक पट रक्कम मोजली. पहिला सौदा मालकाच्या अटीवर होतो, शेवटचा गिऱ्हाइकाच्या अटीवर. हा बाजाराचा जुनाच न्याय आहे.

बंधूंनो, हे सहा जण एकाच संघात एक दिवससुद्धा एकत्र खेळले नाहीत. जॉन्सन मोठ्या संघात आला तो २००३ साली. तोवर फर्डिनंड व लँपार्ड केव्हाच गेले होते. २१ मे २००८ रोजी मॉस्को येथे युरोपच्या अजिंक्यपदाचा अंतिम सामना झाला. एका बाजूस फर्डिनंड व कॅरिक, दुसऱ्या बाजूस लँपार्ड व कोल. एकाच शाळेचे चार विद्यार्थी, पण अंगावर शाळेचा सदरा एकाच्याही नाही! लँपार्डने गोल केला, आणि चषक उचलला तो मँचेस्टर युनायटेडचा कर्णधार म्हणून फर्डिनंडने.

मुले कृतघ्न निघाली, असे कोणी म्हणेल. आम्हांस ते मान्य नाही. तरुणाने मोठ्या क्षितिजाकडे पाहू नये, तर कोणी पाहावे? लहान क्लबापाशी पैसा कोठून असणार, हेही कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. मँचेस्टर युनायटेडच्या कुमारांनी १९९२ साली हाच यूथ कप जिंकला होता. तेथे त्यांस धीराने वाढविले, आणि सात वर्षांनी, १९९९च्या त्याच मे महिन्यात, त्यांपैकी गिग्ज, बेकहॅम, बट आणि गॅरी नेव्हिल हे चौघे बार्सिलोना येथे युरोपचे अजिंक्यपद मिळविणाऱ्या संघात होते. युनायटेडचा खजिना मोठा होता हे खरे. परंतु या मुलांभोवतीच आपण संघ बांधणार, हा निश्चय काही खजिन्यातून निघत नाही. वेस्टहॅमने २००१ साली आपल्या मैदानावर नवी भव्य प्रेक्षकशाला उभारली. एका पैशातून दुसरे झाले, असे आम्ही म्हणत नाही. तथापि आसने वाढली आणि ज्यांस पाहावयास लोक येत ती मुले निघून गेली, हा क्रम डोळ्यांआड करता येत नाही.

घडविणे ही एक विद्या आहे. घडविलेल्यास आपल्यात जागा देणे ही दुसरी. पहिली शिक्षकाची, दुसरी कारभाऱ्यांची. आपल्या मंडळाच्या मदतीने शिकलेली मुले दूरदेशी जातात, ही तक्रार आपण दरवर्षी ऐकतो. तीपूर्वी स्वतःस एक प्रश्न विचारावा: परत येणाऱ्यास बसावयास आपण कोणती खुर्ची रिकामी ठेवली आहे? भिंतींवर देणगीदारांच्या पाट्या अवश्य लावाव्यात. पण कार्यकारिणीत तिशीच्या आतले किती, हेही मोजावे.

टोनी कार यांचे श्रम मात्र वाया गेले, असे आम्ही म्हणणार नाही. त्यांचे विद्यार्थी जेथे गेले तेथे उत्तम खेळले, आणि गुरूस याहून मोठी दक्षिणा नाही. हानी झाली ती घराची. ती आपल्या घराची होऊ नये, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.