एचआयव्हीची लागण आणि ‘त्यातली’ माणसं

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीनं मला एड्सचा विषय दिला. मी काही डॉक्टर नाही. शिक्षण नववी. १९८९ साली बदली कामगार म्हणून लागलो आणि गिरणी थांबेपर्यंत साचेखात्यात होतो. पण ह्या आजारानं आपल्या वस्त्यांत काय केलं ते डोळ्यांनी पाहिलं. मग वाचनालयात बसून, डॉक्टरांना विचारून विचारून समजून घेतलं. चुकलं तर इथं बसलेल्या सिस्टर सांगतीलच.

एचआयव्ही हा विषाणू. तो १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये सापडला. ह्या प्रकारच्या विषाणूंना रेट्रोव्हायरस म्हणतात. ज्यांनी डॉबीच्या साच्यावर काम केलंय त्यांना पटकन कळेल. नक्षीची साखळी लावली की साचा तीच नक्षी विणत जातो. आता कुणी गुपचूप त्या साखळीत आपली पट्टी घुसवली, तर साचा आपला, सूत आपलं, आणि नक्षी निघणार त्याची. हा विषाणू तेच करतो. शरीराची राखण करणाऱ्या पांढऱ्या पेशीत शिरतो, आपला मजकूर उलटा लिहून पेशीच्या मूळ साखळीत गुंफतो, आणि मग पेशीच त्याच्या प्रती काढत बसते. माणूस मात्र पुष्कळदा वर्षानुवर्षं धडधाकट दिसतो. पाळी भरतो, लग्न करतो, पोरं होतात. त्याचं त्यालाही ठाऊक नसतं, आणि लागण तर ह्या काळातही पुढं जाते.

पुढं जायचे रस्ते मोजकेच आहेत. निरोधाशिवाय शरीरसंबंध, लागण असलेलं रक्त, एकाची सुई दुसऱ्याला, आणि आईकडून बाळाला. बस्स. डासानं नाही, एका ताटात जेवून नाही, हात धरून नाही.

आता ‘त्यातली’ माणसं. १९८६ साली तेव्हाच्या मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांच्या तपासणीत वेश्याव्यवसायातल्या सहा बायकांना लागण निघाली. देशातली ही पहिली नोंद. लगेच शिक्का बसला, आजार ‘त्या’ बायकांचा. मग ट्रक ड्रायव्हरांचा, मग मणिपुरात सुईनं नशा करणाऱ्या पोरांचा. सरकारी भाषेत ‘जोखमीचे गट’. डॉक्टरांना तो शब्द लागतो, निरोध आणि औषध आधी कुठं न्यायचं ते ठरवायला. आपण त्या शब्दाची जात केली. आणि एकदा जात केली की आपण तिच्या बाहेरचे, म्हणजे सुखरूप!

पुण्यात १९९३ ते १९९६ ह्या काळात गुप्तरोगाच्या दवाखान्यांत आलेल्या बायकांची तपासणी झाली. त्यांत वेश्याव्यवसायात नसलेल्या ३९१ जणी होत्या. त्यांच्यात शंभरी तेरा-चौदा जणींना लागण निघाली. ह्यातल्या बहुतेकींचा संबंध फक्त स्वतःच्या नवऱ्याशी. आपल्यातले काही वडीलधारे म्हणतात, तिसरं शील पाळलं की एड्सची भीती नाही. मी अदबीनं विचारतो, ह्या बायांनी कोणतं शील मोडलं होतं?

आमच्या गाळ्यात आम्ही बारा-पंधरा गडी. पगार मनीऑर्डरनं गावी, बायको गावी, वर्षातून एकदा-दोनदा भेट. तिला आणायची तर जागा कुठली? सुटीच्या दिवशी काही जण कुठं जायचे हे सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं. निरोध मागायची लाज, गुप्तरोगाची जखम दाखवायची त्याहून लाज. अशा जखमेतून तर लागण आणखी सोपी होते.

माझ्या शेजारी झोपणारा एक जण १९९५ साली वारला. जुलाब, ताप, शेवटी टीबी. बायकोला तपासलं तर तिलाही निघाला. लोक म्हणाले, हिनंच नवरा खाल्ला. त्याच्या फंडाच्या कागदांसाठी मी तिच्याकडे गेलो. एप्रिलचं ऊन. तिनं पेलाभर पाणी दिलं. मी पेला हातात घेतला आणि खाली ठेवला. म्हटलं, वहिनी, तहान नाही. ती काही बोलली नाही, पेला उचलून आत गेली. पाण्यातून लागण होत नाही ही पत्रकं मीच वाटत होतो. चवदार तळ्यावर भाषणं करणारा मीच.

ती बाई आज आहे. १ एप्रिल २००४ पासून सरकारनं औषध फुकट सुरू केलं, तेव्हापासून तिनं गोळी चुकवली नाही. घुसलेली पट्टी औषधानं निघत नाही, म्हणून गोळी जन्मभर. पण प्रती निघायच्या थांबतात. रक्तात विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. गरोदर बाईला वेळेत औषध मिळालं तर बाळ बहुतेक वेळा वाचतं. पूर्वी असं नव्हतं.

हे सांगायची परवानगी मी तिच्याकडून घेतलीय. नाव सांगणार नाही. २०१७ च्या कायद्यानं तसं संमतीशिवाय सांगताही येत नाही. ती इथं आहे की नाही म्हणून मान वळवून बघू नका.

आणि ज्यांना आपण ‘त्यातल्या’ म्हणतो, त्यांचंही ऐका. सांगलीत १९९२ पासून ‘संग्राम’ संस्थेबरोबर वेश्याव्यवसायातल्या बायकांनीच घरोघर निरोध वाटले, गिऱ्हाइकाला नाही म्हणायला एकमेकींना शिकवलं. आपण लग्न झालेले गडी घरात एवढं बोललो का?

सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट होते, नाव गुप्त राहतं. १०९७ ह्या नंबरावर फोन फुकट लागतो. येत्या रविवारी वंदनेनंतर सिस्टर इथं थांबणार आहेत. बायकांना चार वाजता, गड्यांना सहा वाजता. माझं नाव मी गड्यांच्या यादीत पहिलं लिहिलंय, वही दारापाशी आहे.

जय भीम.