लेबलावर नसलेलं नाव

आमचे अब्बा सोलापुरातल्या एका टेलरिंगच्या दुकानात कारागीर होते. शाळा सुटली की मी त्यांच्या मशीनशेजारी चिंध्यांच्या ढिगावर बसून इंद्रजाल कॉमिक्स वाचायचो. भाड्यानं आणलेली, कडा दुमडलेली. मराठी बोलणारा वेताळ मला तिथंच भेटला. एकदा रद्दीवाल्याकडे इंग्रजी ‘सुपरमॅन’ मिळाला. इंग्रजी कळत नव्हतं, चित्रं कळत होती. अब्बांनी चष्म्यावरून त्या निळ्या-लाल माणसाकडे पाहिलं आणि विचारलं, ‘‘उडता सो ठीक है, पण इसके कपडे कौन सिया रे?’’

दुकानात हशा पिकला. प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहून गेला. त्याचं उत्तर शोधायला मला पुढं बरीच वर्षं लागली.

सुपरमॅनला घडवलं जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन मित्रांनी. दोघांचा जन्म १९१४ चा, दोघंही स्थलांतरित ज्यू कुटुंबांतले. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात एकाच शाळेत शिकले. जेरी लिहायचा, जो चित्रं काढायचा. जोचे वडील शिंपी होते आणि जेरीच्या वडिलांचं कपड्यांचं दुकान होतं, हे वाचलं तेव्हा मला अब्बांची फार आठवण झाली. १९३२ साली त्या दुकानात चोरी झाली, त्या गडबडीत जेरीचे वडील कोसळले आणि गेले. पुढच्या काही वर्षांत या मुलानं कागदावर असा माणूस उभा केला, ज्याला बंदुकीची गोळी लागत नाही. या दोन गोष्टींचा संबंध मी ठामपणे जोडत नाही. पण बाप गमावलेलं पोर काय काय मागत असेल, हे कुणालाही समजेल.

१९३८ साली ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात सुपरमॅन आला. गोष्ट १३ पानांची, मोबदला पानामागे १० डॉलर. म्हणजे झाले १३० डॉलर. तेवढ्यात सुपरमॅनचे सगळे हक्क प्रकाशकाकडे गेले. त्या चेकवर दोघांच्याही आडनावांचं स्पेलिंग चुकलेलं होतं. म्हणून पाठीमागे त्यांना आधी चुकलेल्या नावानं आणि मग खऱ्या नावानं अशा दोन-दोन सह्या कराव्या लागल्या. २०१२ साली तोच चेक लिलावात १ लाख ६० हजार डॉलरला विकला गेला.

अब्बांनाही नगामागे पैसे मिळत. म्हणून हा हिशेब मला नवा नव्हता.

मधल्या काळात सुपरमॅननं जग जिंकलं. सीगल मात्र लॉस एंजेलिसमध्ये कारकुनी करत होता आणि शुस्टरची नजर जवळजवळ गेली होती. अखेर १९७५ साली दोघांनी जाहीर दाद मागितली. इतर व्यंगचित्रकार त्यांच्या पाठीशी उभे राहिले. मग वर्षाला प्रत्येकी २० हजार डॉलरचं निवृत्तिवेतन ठरलं आणि सुपरमॅनच्या गोष्टींवर पुन्हा त्यांची नावं छापायचं कबूल झालं. १९७८ च्या सिनेमात ती नावं पडद्यावर आली.

आता बॅटमनचं पाहा. १९३९ साली बॉब केन या चित्रकारानं पहिलं रेखाटन केलं, तेव्हा त्याच्या बॅटमनचे कपडे लाल होते, पाठीला ताठ पंख होते आणि डोळ्यांवर छोटीशी पट्टी. बिल फिंगर या त्याच्या लेखक मित्रानं सुचवलं की, पंख काढ, झूल दे. डोकं झाकणारा टोकदार कानांचा मुखवटा दे, हातमोजे दे, रंग गडद कर. ब्रूस वेन आणि गॉथम ही नावंही त्याचीच. म्हणजे बॅटमनचे कपडे खऱ्या अर्थानं शिवले ते फिंगरनं! पण करार केनशी झाला आणि पुढं कित्येक दशकं निर्माता म्हणून एकट्या केनचंच नाव छापलं गेलं. फिंगर १९७४ साली वारला. त्याची नात आणि काही चाहते यांनी नेट लावला, तेव्हा २०१५ साली केनच्या जोडीला त्याचं नाव मान्य झालं. ७६ वर्षांनी.

जॅक कर्बी हा माझा आणखी एक लाडका. त्याची माणसं चौकटीत मावत नाहीत; ठोसा मारला की हात पानाबाहेर येईल असं वाटतं. जो सायमनच्या साथीनं त्यानं ‘कॅप्टन अमेरिका’ केला. १९४१ च्या पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर हा गडी हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावतो. अमेरिका युद्धात उतरली त्या वर्षाच्या डिसेंबरात. कर्बीचा कॅप्टन आधीच उतरला होता. आणि १९६२ साली स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांचा स्पायडरमॅन आला. पैशांची चणचण असलेला, शाळेत चेष्टा होणारा पोरगा. तो तर फाटलेला पोशाख सुई-दोरा घेऊन स्वतःच शिवतो. अब्बांना तो नक्की आवडला असता.

गंमत बघा, कर्बीचं मूळ आडनाव कर्ट्झबर्ग आणि लीचं लिबर. नायकांना दोन नावं, तशी त्यांना घडवणाऱ्यांनाही. फरक एवढाच की, नायक मुखवटा हौसेनं चढवतो.

मी कविता लिहितो. आमच्याकडे नावाची सोय जुन्या लोकांनी करून ठेवली आहे. अभंगाच्या शेवटी संतांची नाममुद्रा येते, गझलेच्या मक्त्यात शायराचं तखल्लुस येतं. नाव ओळीतच विणलेलं असतं. ते उसवायला गेलात तर ओळच फाटते. कॉमिक्स काढणाऱ्यांना ही सोय नव्हती. शिंप्यांनाही नसते. अब्बांनी शिवलेल्या हजारो शर्टांच्या कॉलरमध्ये मालकाच्या दुकानाचं लेबल होतं. गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, ‘‘त्या चष्मेवाल्या चाचांकडेच द्या.’’ काम ओळखीचं होतं, नाव कुणाला ठाऊक नव्हतं. अब्बांची त्याबद्दल तक्रार नव्हती. माझी आहे.

म्हणून एक विनंती. मुलांना घेऊन बॅटमनच्या नव्या सिनेमाला गेलात, तर गोष्ट संपल्याबरोबर चपला शोधू नका. पडद्यावर बारीक अक्षरं सरकत असतात. त्यात बिल फिंगरचं नाव असतं. तेवढं मुलांना वाचून दाखवा.