फळ्यासमोरचा पाऊण तास

प्रॉडक्ट डिझायनरच्या मुलाखतीत बऱ्याचदा उमेदवाराच्या हाती मार्कर देतात आणि फळ्यासमोर उभं करतात. वेळ साधारण ४५ मिनिटं. प्रश्न वरवर सोपा असतो. समजा, ‘लोकलच्या स्थानकावरचं तिकिटाचं यंत्र नव्यानं आखा.’ पुष्कळ मुलं लगेच चौकोन काढून बटणं भरायला लागतात. तिथंच घात होतो.

आधी विचारा, तिकीट काढतंय कोण? रोजचा प्रवासी पास काढून मोकळा असतो. अडतो तो दादरला पहिल्यांदा आलेला माणूस. हातात पिशवी, मागे रांग, आणि आपल्याला मध्य रेल्वे हवी की पश्चिम, हेच त्याला ठाऊक नाही. या एका माणसाला धरून मोठ्यानं विचार करत राहा. परीक्षकाला सुबक चित्रापेक्षा तुमचा विचार ऐकायचा असतो. सुधारणा झाली हे कशावरून ओळखाल, तेही सांगा: तिकिटाला लागणारा वेळ घटला, की अर्ध्यावर सोडून जाणारे कमी झाले?

तयारीला महागडा क्लास लागतोच असं मला मुळीच वाटत नाही. स्थानकावर अर्धा तास उभे राहा आणि यंत्रासमोर माणसं कुठं थबकतात ते वहीत टिपा. मग घरी घड्याळ लावून मैत्रिणीला परीक्षक करा. तिनं मध्येच अट बदलावी: ‘प्रवाशाला दिसत नसेल तर?’ गुळगुळीत टचस्क्रीनवर बोटांना काहीच कळत नाही. मग आवाज, ब्रेल आणि दाबता येतील अशी खरी बटणं, यांचा विचार तिथूनच सुरू करा.