बोटीवरची नोकरी आणि तिचे दाखले

दापोली, गुहागर, रत्नागिरी, श्रीवर्धन, मुरूड या बाजूच्या एखाद्या घरी कर्त्या पुरुषाची चौकशी केली, तर “तो बोटीवर आहे” असे उत्तर आजही सहज ऐकू येते. त्या घराचा सारा संसार या तीन शब्दांवर उभा असतो. चिऱ्याची नवी भिंत, धाकट्याचे शिक्षण, बहिणीचे लग्न हे सगळे त्या दूरच्या पगारातून व्हायचे असते. परंतु बोटीवर जाण्यासाठी आज काय लागते, याविषयीची माहिती याच गावांत पुष्कळदा अर्धवट असते, आणि या अर्धवट माहितीची किंमत काही कुटुंबांना जमिनीचा तुकडा विकून मोजावी लागते. असा मुलगा प्रथम येतो तो शाळेत आणि ग्रामपंचायतीत, दाखले मागण्यासाठी. तेव्हा हा विषय शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यापुढे सविस्तर मांडणे उचित होय.

आगबोटींच्या काळात हा मार्ग अगदी वेगळा होता. डेकवरील खलाशांचा प्रमुख तो सारंग. तो आपल्या गावची, आपल्या नात्यातली माणसे जमवीत असे. त्याच्या हाताखाली तांडेल, चाकावर सुकाणी, सामानाच्या कोठीवर कसाब, भट्टीपुढे आगवाला, कोळसा ओढण्यास कोयलावाला आणि स्वयंपाकास भंडारी, अशी ती उतरंड असे. गोव्याची मंडळी मुख्यत्वे बटलर, आचारी म्हणून जात आणि दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात मुंबईस धोबी तलावानजीकच्या आपापल्या गावच्या कुडांत राहत. शिक्षण म्हणाल तर सारंगाच्या नजरेखाली होई ते. दोर कसा वळावा, गाठ कशी मारावी, वादळात कोठे उभे राहू नये, हे सारे हातांनी शिकायचे. कागद एकच, प्रत्येक सफरीची नोंद असलेले पुस्तक, ज्यास जुने खलाशी ‘नल्ली’ म्हणत. या पद्धतीत जिव्हाळा होता हे खरे, पण वशिला आणि दस्तुरीही होती. नोकरी हवी असल्यास पहिल्या पगारातील वाटा कोणाच्या हातावर ठेवावा लागतो, हे प्रत्येकास ठाऊक असे. स्वातंत्र्यानंतर मुंबईत खलाशांच्या नेमणुकीसाठी सरकारी कार्यालय स्थापन करून पाळीपाळीने काम देण्याची व्यवस्था करण्यात आली, ती या दस्तुरीला आळा घालण्यासाठीच.

त्या जुन्या पिढीचे ऋण विसरण्याजोगे नाही. मुंबईत मशीद बंदरच्या खलाशीगृहात पहिल्या महायुद्धात समुद्रावर प्राण गमावलेल्या दोन हजारांहून अधिक भारतीय नाविकांचे स्मारक आहे. त्यांतील बहुतेकांनी कोणतीही परीक्षा दिलेली नव्हती.

शिस्तबद्ध प्रशिक्षणाचा आरंभ आपल्याकडे अधिकाऱ्यांपासून झाला. १९२७ साली मुंबई बंदरात ‘डफरीन’ हे प्रशिक्षण जहाज सुरू झाले. १९७२ पासून त्याची जागा ‘राजेंद्र’ने घेतली आणि १९९३ मध्ये ही संस्था नेरूळ येथे किनाऱ्यावर ‘चाणक्य’ या नावाने स्थिरावली. खलाशांसाठी कलकत्त्यास ‘भद्रा’, विशाखापट्टणम येथे ‘मेखला’ आणि सौराष्ट्रातील नवलखी येथे ‘नौलक्षी’ ही जहाजे कामी आली. मात्र जगभर एकच मोजपट्टी लावण्याचा विचार अद्याप दूर होता. प्रत्येक देशाचे नियम निराळे होते, आणि काही झेंड्यांखाली ते नावापुरतेच होते.

हा विचार पुढे येण्यास समुद्रावरील अपघातच कारणीभूत झाले. १८ मार्च १९६७ रोजी ‘टॉरी कॅनियन’ हे लायबेरियाचा झेंडा लावलेले तेलवाहू जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाशी खडकावर चढले आणि लाखाहून अधिक टन कच्चे तेल समुद्रात पसरले. कप्तान नवखा नव्हता. भरती गाठण्याच्या घाईत त्याने जवळचा मार्ग धरला, आणि ऐन वळणाच्या क्षणी सुकाणूची कळ स्वयंचलित यंत्रणेकडे राहिल्यामुळे चाक फिरवूनही जहाज वळेना. चूक ध्यानात येईपर्यंत वेळ निघून गेली होती. पोलाद शाबूत आणि इंजिन चालू असतानाही केवळ माणसाच्या हातून जहाज जाऊ शकते, ही गोष्ट त्या एका सकाळने सर्व जगापुढे मांडली. पुढे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या पुढाकाराने ७ जुलै १९७८ रोजी लंडन येथे नाविकांचे प्रशिक्षण, प्रमाणपत्रे आणि पहारा यांची किमान मानके ठरविणारा करार संमत झाला. एस. टी. सी. डब्ल्यू. या आद्याक्षरांनी तो ओळखला जातो. २८ एप्रिल १९८४ पासून तो अमलात आला व त्याच वर्षी भारतही त्यात सामील झाला.

करार झाला म्हणून लगेच सारे सुधारले असे नव्हे. एप्रिल १९९० मध्ये ऑस्लोहून डेन्मार्ककडे निघालेल्या ‘स्कँडिनेव्हियन स्टार’ या प्रवासी जहाजास रात्री आग लागली. जहाज त्या मार्गावर नुकतेच आणलेले, कर्मचारी घाईने जमविलेले. आगीची कवायत झालेली नव्हती, आणि कर्मचाऱ्यांपैकी अनेकांना प्रवाशांची भाषा तर नाहीच, पण इंग्रजीही येत नव्हती. धुराने भरलेल्या बोळांतून वाट दाखविणारा कोणी नव्हता. दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, त्यांतील बहुतेक ज्वाळांनी नव्हे, तर विषारी धुराने. १९९५ साली या कराराची जवळजवळ फेरमांडणी झाली, तीत वर्गात किती तास बसला यापेक्षा प्रत्यक्ष काय करता येते यावर भर देण्यात आला. २५ जून २०१० रोजी मनिला येथे आणखी सुधारणा झाल्या आणि तोच दिवस नाविक दिन म्हणून पाळला जाऊ लागला.

आता प्रत्यक्ष शिक्षणाकडे वळू. जहाजावर पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कप्तान असो वा आचारी, मूलभूत सुरक्षा प्रशिक्षण सक्तीचे आहे. जीव वाचविण्याचे तंत्र, आग टाळणे व विझविणे, प्रथमोपचार, आणि वैयक्तिक सुरक्षा व सामाजिक जबाबदारी असे त्याचे चार भाग असून जहाजाच्या सुरक्षेविषयीचे शिक्षण त्याला जोडलेले असते. नावे पुस्तकी वाटतात, पण काम पुस्तकी नाही. जीवरक्षक जाकीट घालून उंचावरून तलावात उडी घ्यावी लागते. उलटा पडलेला तराफा पाण्यातूनच सुलटा करून दाखवावा लागतो. पाठीवर हवेची टाकी आणि तोंडावर मुखवटा घेऊन धूर भरलेल्या खोलीत चाचपडत शिरून माणूस बाहेर काढावा लागतो. विजेच्या आगीवर पाणी मारू नये हे घरच्या गृहिणीसही ठाऊक असते. तेलाच्या आगीवर काय मारावे आणि वाऱ्याच्या कोणत्या बाजूस उभे राहावे, हे हातानेच शिकावे लागते. जीव वाचविणे आणि अग्निशमन यांतील आपले कसब नाविकाने दर पाच वर्षांनी पुन्हा सिद्ध करून द्यावयाचे असते.

यांतील एक धडा आपल्या गावांना विशेष परिचित आहे. वापरात नसलेली विहीर साफ करण्यास एक माणूस उतरतो आणि कोसळतो, त्यास काढण्यास भाऊ उतरतो, तोही परतत नाही, मग शेजारी. अशा बातम्या आपण उन्हाळ्यात वाचतो. जहाजावरील बंद टाक्या, नांगराच्या साखळीचा कोठा, कोळसा वा लाकूड भरलेली वखार येथे नेमके हेच घडते. लोखंडाचा गंज हवेतील प्राणवायू खाऊन टाकतो, मालही तेच करतो, आणि त्याचा वास येत नाही, रंग दिसत नाही. म्हणून आधी हवा खेळवावी, मग यंत्राने तपासावी, लेखी परवानगी घ्यावी, तोंडाशी एक माणूस उभा ठेवावा आणि आत कोणी पडल्यास साधनांवाचून मागोमाग उतरू नये, असा दंडक आहे. शेवटचे कलम पाळणे सर्वांत कठीण, कारण पडलेला आपला सोबती असतो. १ जानेवारी २०१५ पासून अशा जागी शिरण्याची व सुटकेची कवायत जहाजावर दर दोन महिन्यांनी घेणे बंधनकारक झाले आहे.

खलाशी होण्याचा सरळ रस्ता तसा लांबलचक नाही. गणित, विज्ञान आणि इंग्रजी या विषयांसह दहावी उत्तीर्ण झालेला, साधारणतः साडेसतरा ते पंचवीस वर्षे वयाचा उमेदवार सामान्य खलाशाच्या सहा महिन्यांच्या निवासी अभ्यासक्रमास जाऊ शकतो. डोळे आणि रंगज्ञान यांची तपासणी मान्यताप्राप्त डॉक्टरकडून होते. लाल दिवा व हिरवा दिवा यांतील फरक न कळणाऱ्यास रात्रीचा पहारा देता येत नाही, तेव्हा ही तपासणी प्रवेशाआधीच करून घेणे शहाणपणाचे; फी भरल्यानंतर दोष कळला तर हळहळ उरते. अभ्यासक्रमाअखेर परीक्षा होते. नाविकाच्या नावे राष्ट्रीय नोंदणी क्रमांक मिळतो आणि शिपिंग मास्तरांच्या कार्यालयातून सी. डी. सी. हे पुस्तक दिले जाते. जुनी नल्ली ती हीच. त्यानंतर समुद्रावर ठरावीक काळ काम करून पहाऱ्याचे प्रमाणपत्र मिळवावयाचे असते. चाकावरच्या खलाशास सुकाणूचे हुकूम इंग्रजीत समजले पाहिजेत, आणि ऐकलेला हुकूम त्याने मोठ्याने परत म्हणून मगच चाक फिरवावयाचे असते. गावच्या शाळेत इंग्रजीच्या तासाला खाली मान घालून बसणाऱ्या मुलास हे एवढे जरी सांगितले, तरी तो मान वर करील.

अधिकारी होण्यासाठी बारावीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हवे. पुढे २००८ साली स्थापन झालेल्या भारतीय सागरी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा, प्रशिक्षण, जहाजावरील उमेदवारी आणि मग पायरीपायरीने सक्षमतेची प्रमाणपत्रे अशी वाट आहे. मुलींनाही ही दारे खुली आहेत.

कराराने केवळ दाखले मागितले नाहीत. दर चोवीस तासांत किमान दहा तास आणि सात दिवसांत सत्त्याहत्तर तास विश्रांती, तसेच मद्यपानाची निश्चित मर्यादा याही गोष्टी त्याने लिहून ठेवल्या आहेत, कारण पेंगुळलेल्या माणसाचे प्रमाणपत्र निरुपयोगी असते. परदेशी बंदरात जहाज लागले, की तेथील शासनाचा निरीक्षक दाखले पाहतो. शंकेस सबळ कारण दिसल्यास तो खलाशाला कवायत प्रत्यक्ष करून दाखविण्यास सांगतो. पैसे देऊन कागद मिळविलेला मुलगा त्या वेळी हाती मुखवटा घेऊन नुसता उभा राहतो. जहाज अडकते, आणि मुलाची नोकरी तेथेच संपते. हे घडले तरी ते नशीब म्हणावयाचे, कारण तोच मुलगा खऱ्या धुरात सापडला असता तर?

असे कागद विकणारे गावोगाव फिरतात, ही खेदाची पण खरी गोष्ट आहे. “अभ्यासक्रम नको, परीक्षा नको, दूरदेशीच्या झेंड्याचे पुस्तक पंधरा दिवसांत हाती देतो,” असे बोलणे ऐकू आले म्हणजे सावध व्हावे. पर्यटक व्हिसावर आखाती बंदरात नेऊन मोडकळीस आलेल्या बोटीवर चढविले जाते. मालक पगार थकवितो आणि एके दिवशी बोट माणसांसकट सोडून देतो. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या नोंदीनुसार २०२४ साली अशा रीतीने वाऱ्यावर सोडलेल्या नाविकांत भारतीयांची संख्या सर्वाधिक होती. सागरी कामगार करारात २०१७ पासून अशा प्रसंगी चार महिन्यांपर्यंतचे वेतन व घरी परतण्याचा खर्च यांसाठी विम्याची तरतूद आहे. भारताने हा करार २०१५ साली मान्य केला. परंतु जो माणूस नोंदलेल्या मार्गाने गेलाच नाही, त्याला हा हक्क बजावणे फार जड जाते.

कायद्याची स्थिती स्पष्ट आहे. नाविकांची भरती करणाऱ्यास नौवहन महासंचालनालयाचा परवाना घ्यावा लागतो आणि नोकरी लावून देण्याबद्दल उमेदवाराकडून शुल्क घेण्यास मनाई आहे. हा नियम १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्याखालील नियमांत आला. त्या कायद्याच्या जागी संसदेने २०२५ साली नवा कायदा संमत केला आहे. मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थांची आणि परवानाधारक भरती संस्थांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर असते आणि ग्रामपंचायतीच्या संगणकावरही ती पाहता येते. संस्थेची मान्यता पाहताना ती नेमक्या त्याच अभ्यासक्रमासाठी आहे काय, हेही पाहावे. एका अभ्यासक्रमाची मान्यता दाखवून दुसऱ्याची फी घेतली जाऊ शकते. प्रशिक्षणाची फी पावतीवरच भरावी, नोकरीसाठी रोख रक्कम मागणाऱ्याशी व्यवहार करू नये, आणि शाळेचा मूळ दाखला, पारपत्र किंवा सी. डी. सी. कोणाकडेही ठेवण्यास देऊ नये. फसवणूक झालीच तर पावत्या व पत्रे जपून पोलीस ठाण्यात आणि मुंबई येथील महासंचालनालयाकडे लेखी तक्रार करावी. तक्रारीत भरती संस्थेचे नाव व परवाना क्रमांक, पैसे दिल्याची तारीख आणि बोटीचे नाव लिहिलेले असल्यास चौकशी लवकर मार्गी लागते.