दृष्टिपटल आणि वेळेचे मोल
(जबलपूर येथील व्याख्यान)

१९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाचा भर प्रामुख्याने मोतीबिंदूवर राहिला. मोतीबिंदू बहुधा काही महिने थांबू शकतो. सुटलेले दृष्टिपटल थांबत नाही. छिद्रातून द्रव पटलामागे शिरतो, बाह्य थराचा रक्तपुरवठा तुटतो आणि पेशी मरू लागतात. शस्त्रक्रियेने बाहेरून पट्टी बसवून, किंवा आतील काचद्रव काढून वायू अथवा सिलिकॉन तेल भरून, पटल पूर्ववत बसविता येते. परंतु वेदना नसल्याने रुग्ण उशीर करतो. प्रकाश चमकणे, काळे ठिपके वाढणे, नजरेआड पडदा येणे ही लक्षणे मंडला-दिंडोरीच्या शेतमजुराला ठाऊक नसतील, तर जबलपूरचे शस्त्रक्रियागृह त्याला दूरच राहील. आरोग्यसेवेची किंमत केवळ रुपयांत नव्हे, गमावलेल्या दिवसांतही मोजावी लागते.