कावळा शिवला का?

निपाणी-बेळगाव पट्ट्यात कुणाच्या घरचं माणूस गेलं, की रक्षाविसर्जनाहून परतणाऱ्यांना पहिला प्रश्न ठरलेला : कावळा शिवला का? शिवला असेल तर घरादाराचा जीव भांड्यात पडतो. नसेल, तर गेलेल्याचं मन कशात अडकलं होतं, याची चर्चा दिवसभर पुरते.

वेदगंगेच्या काठी पानावर भात वाढलेला असतो. शेजारी त्या माणसाला आवडणारं काहीबाही : भजी, कपभर चहा. हा मुलूख तंबाखूचा, तेव्हा एखादी विडीही. मंडळी मागं सरून उभी राहतात. कावळे समोरच्या झाडावर बसलेले, पण खाली उतरत नाहीत. खरं तर एवढी गर्दी बघून कुठलाही शहाणा पक्षी बिचकेलच. पण घटका जाते, कुजबूज सुरू होते, आणि कुणीतरी थोरल्या मुलाला पुढं ढकलतं. तो हात जोडून म्हणतो, "आबा, धाकटीचं लग्न मी लावून देतो. काळजी करू नका." कधी कर्जाचा शब्द असतो, कधी भावाच्या वाटणीचा. कावळा यायचा तेव्हा येतो. पण चार माणसांदेखत दिलेला तो शब्द पुढं फिरवणं जड जातं. मला या विधीचं सगळं मोल इथंच दिसतं.

जिवाला पाखरू मानणं आपल्याला नवं नाही. मुंडकोपनिषदात एकाच झाडावर दोन पक्षी बसलेत : एक फळ खातो, दुसरा नुसता पाहतो. भजनांतला हंस आणि पिंजऱ्यातला राघू तर घरोघरी ठाऊक. सगळेच मात्र कावळ्याची वाट पाहत नाहीत. वेदगंगा-दूधगंगेच्या संगमावरचं भोज हे जैन आचार्य शांतिसागर महाराजांचं गाव. जैन विचारात जीव देह सोडताच पुढच्या जन्माला लागतो. मग पिंड कुणासाठी ठेवायचा?

आता जरा लांब जाऊ. तेराव्या शतकात स्पेनमधल्या ज्यू गूढवाद्यांच्या हाती 'जोहार' हा ग्रंथ आला. त्यातही पक्षी आहे, पण ती पक्षीण आहे. मूळ आधार बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातल्या एका आज्ञेचा : घरट्यातली अंडी किंवा पिल्लं घ्यायची असतील तर आधी आईला उडवून लावावं. आज्ञा एवढीच. ही दया म्हणावी का? तसं समजून प्रार्थनेत तिची स्तुती करू लागणाऱ्याला गप्प करावं, असं मिश्ना या ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथात सांगितलंय. गूढवाद्यांनी मात्र त्या पक्षिणीत शेखिना पाहिली, म्हणजे माणसांत नांदणारी देवाची सोबत. इसवी सन ७० मध्ये जेरुसलेमचं मंदिर पडलं, माणसं देशोधडीला लागली, आणि त्यांच्याबरोबर तीही घरट्याबाहेर पडली. पिल्लांपासून तुटलेल्या आईचा आक्रोश ऐकून देवाला सगळ्याच परागंदा लेकरांचा कळवळा येतो, असा त्यांनी अर्थ लावला. नंदनवनात मशीहा, म्हणजे येणारा तारणहार, ज्या दालनात थांबलाय, त्याचंही नाव जोहारमध्ये 'पक्ष्याचं घरटं' असंच आहे.

दोन्हीकडं सुटका पाखराच्याच हवाली केलेली. दिशा मात्र उलट. आपला कावळा येतो तो गेलेल्याला मोकळं करायला : घास उचलला, गुंता सुटला, आता मागं बघू नकोस. जोहारच्या पक्षिणीला पुढं कुठं जायचंच नाही, तिला परत यायचंय. आपल्याकडं वाट पाहणारं एक घर असतं, तिथं अख्खा समाज.

वाट पाहायची रीतही वेगळी. पुष्कळ वेळ जाऊनही कावळा फिरकला नाही, तर आपण दर्भाचा कावळा करतो आणि तोच पिंडाला शिववतो. ऊन चढलेलं असतं, लोकांना कामाधंद्याला जायचं असतं. शास्त्रानं ही अडचण ओळखूनच सोय केलेली दिसते. तिकडं अशी सोय नाही. काही धर्मनिष्ठ ज्यू आजही मध्यरात्री उठून त्या पडलेल्या मंदिरासाठी शोक करतात, आणि सकाळी आपापल्या कामाला जातात.