वक्षवर्धनानंतरची एक चिंता

आजच्या भाषणाचा विषय ऐकून कित्येकांच्या भुंवया वर जातील हें मी जाणून आहें. एका निवृत्त शाळामास्तरानें स्त्रियांच्या वक्षवर्धनाच्या शस्त्रक्रियेविषयीं बोलावें, आणि तेंहि नभोवाणीवर! परंतु ज्या गोष्टी लोक दबक्या आवाजांत बोलतात, त्यांच्याविषयींचें अज्ञानच सर्वांत अधिक असतें, असा माझा वर्गांतला अनुभव आहे. शरीरशास्त्राचा धडा आला कीं मुलें माना खालीं घालून हंसूं लागत, आणि परीक्षेंत नेमकीं त्याच धड्याचीं उत्तरें चुकत. मी डॉक्टर नव्हें. मॅट्रिकपुढें माझें शिक्षण झालेलें नाहीं. जें सांगणार आहें तें कांहीं वाचून आणि कांहीं माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीकडून समजून घेतलेलें आहे. ती पुण्यास एका रुग्णालयांत परिचारिका आहे.

ही शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या स्त्रियांची थट्टा करण्याची आपल्याकडे खोड आहे. कोणाचा एक स्तन जन्मतःच वाढलेला नसतो, कोणाचें शरीर बाळंतपणानंतर ओसरलेलें असतें, आणि कोणाची केवळ तशी इच्छा असते. त्या इच्छेची उलटतपासणी घेण्याचें काम आपलें नव्हे. आज मला बोलावयाचें आहे तें शस्त्रक्रियेनंतरच्या एका चिंतेविषयीं. चौथ्या-पांचव्या आठवड्यांत यांपैकीं बहुतेकींच्या मनांत एकच प्रश्न घर करून बसतो: आंत बसविलेली पिशवी जागेवर आहे ना? उजवी वर दिसते, डावी खालीं आली आहे. हें असेंच राहणार कीं काय? माझी विद्यार्थिनी सांगते कीं, हा प्रश्न विचारण्यापूर्वीं पुष्कळ जणी खोलीचें दार लावून घेतात.

प्रथम ही शस्त्रक्रिया कशी होते तें थोडक्यांत पाहूं. शल्यविशारद स्तनाखालच्या घडींत, स्तनाग्राभोंवतालच्या वर्तुळाच्या कडेला किंवा कांखेंत छेद घेतो, आंत पुरेशी जागा करतो, आणि त्या जागेंत सिलिकोनच्या कवचाची एक पिशवी सरकवितो. हिलाच इम्प्लांट म्हणतात. तिच्यांत सिलिकोनचाच दाट गर असतो, किंवा मिठाचें पाणी. ती कधीं स्तनग्रंथीच्या मागें ठेवतात, कधीं छातीच्या मोठ्या स्नायूच्या खालीं. आतां लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, भिंतींत खुंटी ठोकावी तशी ही पिशवी कोठें ठोकलेली नसते. तिला धरून ठेवण्याचें काम शरीरच करतें. परकी वस्तु आंत आली कीं शरीर तिच्याभोंवतीं तंतुमय वेष्टण विणूं लागतें. तें प्रत्येकीच्या शरीरांत तयार होतें, आणि तो कांहीं रोग नव्हे. तें पातळ आणि मऊ राहिलें तर पिशवी सुखानें नांदते. जाड होऊन आवळूं लागलें, तर ती कठीण होते, वर चढते, कधीं दुखूंहि लागते.

पिशवी जागेवर राहील कीं नाहीं, ही चिंता केवळ रुग्णांचीच आहे असें नाहीं. शल्यविशारदांना ती पहिल्या दिवसापासून होती. १९६२ सालीं अमेरिकेंतील टेक्सास राज्यांत, ह्यूस्टन शहरीं, थॉमस क्रोनिन आणि फ्रँक जेरो यांनीं सिलिकोनच्या गराची पहिली पिशवी एका स्त्रीच्या छातींत बसविली. (ती बाई गेली होती गोंदण काढून घेण्यास, तिला स्वतःला छातीपेक्षां आपल्या पुढें आलेल्या कानांची अधिक काळजी होती. डॉक्टरांनीं कानहि नीट करून दिले.) त्या पहिल्या पिशव्यांच्या पाठीवर डेक्रॉन नांवाच्या कापडाचे तुकडे लावलेले असत. शरीराचे तंतु त्या कापडांत शिरावेत आणि पिशवी छातीला घट्ट धरून राहावी, अशी त्यांतील योजना. योजना नामी होती. परंतु पिशव्या फार कठीण होऊं लागल्या, आणि ते तुकडे पुढें सोडून द्यावे लागले.

पुढें थेंबाच्या आकाराच्या पिशव्या निघाल्या. गोल पिशवी आंतल्या आंत फिरली तरी बाहेरून कळत नाहीं. पण थेंबाकृति पिशवी फिरली कीं आकारच बिघडतो. ती फिरूं नये म्हणून तिचा पृष्ठभाग खरखरीत केला. या खरखरीत पृष्ठभागाशीं लसिकापेशींच्या एका विरळ कर्करोगाचा संबंध आढळून आला. पिशवीच्या भोंवतालच्या वेष्टणांत उद्भवणाऱ्या या रोगाच्या, आजवर जगभरांत हजाराहून अधिक नोंदी झाल्या आहेत. लक्षावधि स्त्रियांच्या मानानें हा आंकडा लहान आहे. तथापि २०१९ सालीं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें सांगितल्यावरून ॲलर्गन कंपनीस आपल्या अशा खरखरीत पिशव्या जगभरांतून परत घ्याव्या लागल्या. पिशवी एका जागीं जखडून टाकण्याचा खटाटोप दोनदां महागांत पडला, असें मी या इतिहासाचें वाचन करतों.

तेव्हां पिशवी थोडी हलणार, खालीं उतरणार, हें गृहीतच धरलेलें आहे. पहिल्या आठवड्यांत ती वर कां दिसते? छातीचा स्नायु अकस्मात् ताणला गेल्यामुळें आवळून बसलेला असतो. सूज असते. खालच्या बाजूची कातडी अद्याप सैल झालेली नसते. मग पिशवीला खालीं यावयास जागाच नसते. वरचा भाग फुगीर आणि खालचा चपटा दिसतो. जसजसा स्नायु सैलावतो आणि कातडी ताणते, तसतशी पिशवी आपल्या वजनानें खालीं येते. घराच्या जोत्यांत घातलेली भर बसावयास एक पावसाळा जावा लागतो, हें खेड्यांत कोणालाहि ठाऊक आहे. येथें साधारणपणें तीन महिन्यांत पुष्कळसें आणि सहा महिन्यांत बहुतेक सर्व स्थिरस्थावर होतें. पिशवी स्नायूखालीं असेल तर वेळ अधिक लागतो. दोन्ही बाजू एकाच गतीनें उतरतील, अशी अपेक्षा मात्र करूं नये. कोणाच्याहि छातीच्या फांसळ्या दोन्हीकडे तंतोतंत सारख्या नसतात, मूळचे स्तनहि सारखे नसतात, आणि शस्त्रक्रियेपूर्वीं ज्या फरकाकडे कधीं लक्ष गेलें नव्हतें तो नंतर आरशांत ठळक दिसूं लागतो.

म्हणून डॉक्टर "थांबा" म्हणतात, तें बरोबर असतें. परंतु नुसतें "थांबा" म्हणून पुढच्या रुग्णास हांक मारणें मला शिक्षकाच्या नात्यानें पटत नाहीं. कशासाठीं थांबावयाचें, किती दिवस, आणि कशाची वाट पाहावयाची नाहीं, हें सांगितल्याशिवाय तो शब्द अपुरा आहे. डॉक्टर आपण होऊन सांगत नसतील तर विचारावें. प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. दिवसांतून दहा वेळां आरशासमोर उभें राहून कांहीं साधत नाहीं. त्यापेक्षां महिन्यांतून एकदां, त्याच खिडकीपाशीं, त्याच उजेडांत, हात खालीं सोडून छायाचित्र काढून ठेवावें आणि डॉक्टरांस दाखवावें. मर्दन करावें कीं नाहीं, वरून पट्टा बांधावा कीं नाहीं, याबाबत मैत्रिणीचा सल्ला घेऊं नये. एका प्रकारच्या पिशवीला जें हितकर तें दुसरीला अपायकारक असतें.

आतां कशाची वाट पाहूं नये, तें. पहिल्या कांहीं दिवसांत एकच बाजू झपाट्यानें मोठी, ताठ आणि अतिशय दुखरी झाली, तर आंत रक्त सांठलेलें असूं शकतें. त्याच तासाला रुग्णालय गांठावें. लाली, ऊन लागणें, ताप, टांक्यांतून पाझर, हीं पू धरण्याचीं चिन्हें होत. आणि कित्येक वर्षांनंतर, कांहीं कारण नसतां एक बाजू सुजली, तर वर सांगितलेला रोग तो नाहीं ना, याची तपासणी व्हावयास पाहिजे. माझ्या विद्यार्थिनीनें एका तरुण विवाहितेची हकीकत सांगितली. सासरीं कोणास न सांगतां, माहेरीं जातें म्हणून तिनें शस्त्रक्रिया करून घेतली होती. घरीं परतल्यावर ताप आला. काय झालें म्हणून कोणी विचारील, या धास्तीनें ती पांघरूण घेऊन अकरा दिवस पडून राहिली. सर्दीच्या गोळ्या घेत राहिली. रुग्णालयांत आली तेव्हां पिशवी वांचविण्याची वेळ निघून गेली होती. ती काढावी लागली. "ताई, माझ्या घरीं फक्त एवढें सांगूं नका," हें तिचें पहिलें वाक्य होतें.

सहा महिने उलटल्यावरहि पिशवी वरच अडकून असेल, किंवा घडीच्याहि खालीं घसरून स्तनाग्र वर पाहूं लागलें असेल, आडवें होतांच ती कांखेकडे जात असेल, किंवा दोन्ही पिशव्या मध्यभागीं एकमेकींस भिडल्या असतील, तर तो केवळ मनाचा खेळ नव्हे. त्यावर उपाय आहेत. आवळलेलें वेष्टण सैल करतात किंवा काढून टाकतात. फार सैल झालेली जागा आंतून टांके घालून आखडतात. कधीं पिशवीच बदलतात, किंवा तिला ग्रंथीमागून स्नायूखालीं नेतात. अशी दुसरी शस्त्रक्रिया दुर्मिळ नाहीं. अमेरिकेंतील एका मोठ्या पाहणींत, केवळ वर्धनासाठीं पिशव्या बसविलेल्या स्त्रियांपैकीं सुमारें ३६ टक्के स्त्रियांना दहा वर्षांच्या आंत कोणत्या ना कोणत्या कारणानें पुन्हां शस्त्रक्रिया करावी लागली. ही पिशवी जन्मभर पुरणारी वस्तु नव्हे. हा आंकडा पहिल्या शस्त्रक्रियेपूर्वीं सांगितला जावा, खर्चाचा अंदाज सांगतांनाच.

जातां जातां एका कागदाविषयीं सांगतों. पिशवी बसविल्यावर रुग्णाला एक कार्ड मिळतें, किंवा मिळावयास पाहिजे. त्यावर कंपनीचें नांव, पिशवीचा प्रकार, आकार आणि तिचा क्रमांक असतो. २०१० सालीं फ्रान्समधील एक कंपनी आपल्या पिशव्यांत वैद्यकीय सिलिकोनऐवजीं कारखान्यांतलें स्वस्त सिलिकोन भरीत असल्याचें उघडकीस आलें. तिच्या संस्थापकास पुढें २०१३ सालीं कारावासाची शिक्षा सांगण्यांत आली. त्या वेळीं आपल्या छातींत कोणती पिशवी आहे याचा शोध घेण्याची पाळी देशोदेशींच्या स्त्रियांवर आली. ज्यांच्यापाशीं कार्ड होतें, त्यांना उत्तर लगेच मिळालें. तें कार्ड डॉक्टरांकडून मागून घ्यावें, त्याची एक प्रत काढावी, आणि घरांतील रेशनकार्ड व जन्माचे दाखले ज्या पेटींत ठेवतों, त्याच पेटींत ठेवावें.